नोकरी सोडून सल्लागार होण्याचा हिशेब

पुणे परिसरातील वाहनउद्योगात पंधरा-वीस वर्षे गुणवत्ता, उत्पादन किंवा देखभाल विभागात काढलेल्या अभियंत्यापुढे चाळिशीच्या सुमारास एक प्रश्न वारंवार उभा राहतो, तो म्हणजे पगाराची नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करावे की नाही. हा विचार निराधार नसतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि रांजणगाव या पट्ट्यात मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे-मध्यम कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांना आयएटीएफ १६९४९ या वाहनउद्योगासाठीच्या गुणवत्ता-व्यवस्थापन मानकाचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि टिकवायचे असते, ग्राहक कंपनीच्या ऑडिटला तोंड द्यायचे असते, नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण खाली आणायचे असते, आणि या कामांचा मुरलेला जाणकार पूर्णवेळ पगारावर ठेवणे त्यांना परवडत नाही. गरज खरी आहे आणि ती भागवणारे कौशल्यही खरे आहे. तरीही हा निर्णय बहुधा चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो: वरिष्ठांविषयीचा राग, हुकलेली बढती, रोजच्या प्रवासाचा कंटाळा किंवा स्वतंत्र झालेल्या एखाद्या मित्राची भरभराट. या सर्व भावना समजण्याजोग्या असल्या, तरी त्यांपैकी एकीतूनही सल्ल्याला गिऱ्हाईक आहे किंवा नाही हे कळत नाही.

पगार आणि सल्लाशुल्क यांत जो मूलभूत फरक आहे, तो आधी समजून घ्यावा लागतो. नोकरीत मालक कर्मचाऱ्याचा वेळ महिन्याच्या हिशेबाने विकत घेतो, आणि त्या महिन्यात काम कमी निघाले, ऑर्डर रद्द झाली किंवा यंत्र आठवडाभर बंद पडले, तरी पगार ठरल्या दिवशी खात्यात जमा होतो. म्हणजेच रिकाम्या दिवसांचा भार मालक उचलत असतो. सल्लागार आपला निर्णय आणि अनुभव ठरावीक दिवसांपुरता विकतो, आणि ज्या दिवसांना गिऱ्हाईक मिळत नाही ते दिवस त्याच्या स्वतःच्या खर्ची पडतात. त्यामुळे पगारातला एक मोठा भाग प्रत्यक्षात विम्यासारखा असतो, आणि नोकरी सोडणारा तो विमा परत करत असतो, हे त्याने आकड्यांत मांडून पाहिले पाहिजे.

या विम्याचे काही हप्ते पगारपत्रकावर दिसतात, काही दिसत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरतो आणि तेवढेच योगदान मालक देतो. मालकाच्या योगदानातील ८.३३ टक्के हिस्सा, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजला जाऊन, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातो. या योजनेतून मासिक पेन्शन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते, तर ग्रॅच्युइटीसाठी, १९७२ च्या कायद्याने रूढ केलेल्या नियमानुसार, कायम कर्मचाऱ्याला सलग ५ वर्षांची सेवा लागते आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून, दिले जाते. साडेचार वर्षे पुरी होत आलेली असताना किंवा पेन्शनची १० वर्षे भरायला काही महिनेच उरलेले असताना संतापाच्या भरात राजीनामा देणारा माणूस स्वतःच्याच हक्काच्या रकमेवर पाणी सोडतो. स्वतंत्र झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीत नवी भर पडत नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, ज्यात वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच रक्कम भरता येते, आणि राष्ट्रीय पेन्शन योजना हे मार्ग खुले राहतात, पण तिथे मालकाचा वाटा नसतो आणि दरमहा आपोआप होणारी कपातही नसते.

आरोग्य विम्याची बाब याहून नाजूक आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात पती-पत्नी, मुले आणि अनेक ठिकाणी आई-वडीलही सामावलेले असतात, तसेच आधीपासून असलेले मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरले जातात. हे संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपते. वैयक्तिक विमा घेताना मात्र पूर्वीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागू होतो, जो नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये कमाल ३ वर्षांवर आणला आहे. म्हणून स्वतंत्र होण्याचा विचार मनात आला त्याच वर्षी, राजीनाम्याची वाट न पाहता, कुटुंबाची स्वतःची पॉलिसी सुरू करणे शहाणपणाचे ठरते, कारण त्या काळात दोन्ही संरक्षणे एकत्र चालतात आणि प्रतीक्षा काळाचा काही भाग नोकरीत असतानाच सरतो. सत्तरीतल्या आई-वडिलांना बाहेर नवा विमा मिळणे किती महाग आणि अवघड असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा एकच मुद्दा निर्णय वर्षभर लांबवण्यास पुरेसा मानला, तर त्यांना भित्रे म्हणता येणार नाही.

आता दराचा हिशेब. उदाहरणादाखल ज्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणारा एकूण वार्षिक खर्च, १८ लाख रुपये आहे असा गुणवत्ता व्यवस्थापक घ्यावा. तो मनात सोपा भागाकार करतो: महिन्याला दीड लाख, कामाचे दिवस २५, म्हणजे दिवसाला ६,००० रुपये, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला एका व्हिजिटचा हाच दर सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२ दिवस वजा करावे लागतात (पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत अनेक कारखान्यांची ती गुरुवारी असते, आणि त्या दिवशी व्हिजिट ठेवताच येत नाही). गणपती, दिवाळी, आजारपण आणि घरची कार्ये यांसाठी आणखी ३३ दिवस सोडले, तर २८० दिवस उरतात. पण या २८० दिवसांतही गाठीभेटी घेणे, कोटेशन पाठवणे, मानकातील बदल वाचणे, अहवाल लिहिणे आणि थकलेल्या बिलांसाठी फोन करणे ही कामे असतात, ज्यांचे बिल कोणालाच लावता येत नाही. जम बसलेल्या सल्लागारालाही बिल लावता येण्याजोगे १२० दिवस मिळाले, तर वर्ष चांगले गेले असे समजावे. १८ लाखांच्या भरपाईत प्रवास, संगणक, फोन, सनदी लेखापालाची फी, आरोग्य विमा आणि सल्ला चुकल्यास होणाऱ्या दाव्यासाठीचा व्यावसायिक विमा यांचे ३ लाख मिळवले, बुडणारी बिले व मंदीचे महिने यांसाठी आणखी ३ लाख धरले, तर गरज २४ लाखांची होते. तिला १२० दिवसांनी भागले की दर येतो दिवसाला २०,००० रुपये. सुरुवातीच्या ६,००० रुपयांच्या दराने तेवढ्याच दिवसांत हाती येणारी रक्कम ७ लाख २० हजार रुपये असते, आणि ती खर्च वजा जाण्यापूर्वीची असते.

भोसरीतला चाळीस कामगारांचा कारखाना दिवसाला २०,००० रुपये देईल का, हा प्रश्न इथे लगेच येतो, आणि त्याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. कागदपत्रे नीट लावून देणे, कार्यपद्धतीची पुस्तिका तयार करणे, कर्मचाऱ्यांना ठरीव प्रशिक्षण देणे या कामांना एवढा दर मिळत नाही, कारण ती करणारे अनेक जण बाजारात कमी दरात उपलब्ध असतात. याउलट, ग्राहक कंपनीने सदोष मालापोटी दर महिन्याला डेबिट नोट काढून, म्हणजे देय रकमेतून नुकसानीची वजावट करून, कारखानदाराला जेरीस आणले असेल, किंवा पुढच्या ऑडिटमध्ये नापास झाल्यास पुरवठादारांच्या यादीतून नाव कमी होण्याची भीती असेल, तर जो माणूस दोष ओतकामातला आहे, यंत्रणातला आहे की मोजमापाच्या उपकरणातला आहे हे चार व्हिजिटमध्ये शोधून देतो, त्याची फी त्या वजावटीपुढे किरकोळ वाटते. नोकरीत असताना माणसाचे मोल त्याच्या पदावरून आणि सेवेच्या वर्षांवरून ठरते. बाजारात ते समोरच्याचे नुकसान किती थांबते यावरून ठरते. आपल्याला असे कोणते नुकसान थांबवता येते याचे उत्तर एका वाक्यात ज्याला देता येत नाही, त्याने राजीनामा लिहू नये, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

बिल किती रकमेचे आहे याइतकेच त्याचे पैसे कधी येतात हे महत्त्वाचे असते, आणि अनेक नवे सल्लागार इथेच अडचणीत येतात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा करासाठी, म्हणजे जीएसटीसाठी, नोंदणी करावी लागते आणि सल्लासेवेवर १८ टक्के दराने कर आकारावा लागतो. १ लाख रुपयांच्या फीचे बिल त्यामुळे १ लाख १८ हजारांचे होते. गिऱ्हाईक फीवर १० टक्के दराने उद्गम कर, ज्याला सर्वजण टीडीएस म्हणतात, कापून १ लाख ८ हजार देते, आणि त्यातले १८ हजार सरकारचे असतात. हाती उरतात ९० हजार. कापलेले १० हजार आयकर विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरले जातात. अडचण अशी की जीएसटी भरण्याची जबाबदारी सामान्यतः बिल काढल्यावर येते, पैसे मिळेपर्यंत थांबत नाही. कारखानदाराने तीन महिने पैसे दिले नाहीत, तरी सल्लागाराला त्या बिलावरचा कर आपल्या खिशातून भरावा लागतो, आणि अशी तीन-चार बिले एकाच वेळी अडकली की घरचा ईएमआय क्रेडिट कार्डावर जातो.

कायद्याने यावर उपाय दिलेला आहे. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून विनामूल्य नोंदणी केलेल्या सेवापुरवठादारालाही २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात, विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा मुदतबाह्य देण्याची आयकरातील वजावटही खरेदीदाराला ते प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत मिळत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे आणि नोंदणी अवश्य करावी. परंतु ज्याच्याकडे दोनच गिऱ्हाइके आहेत तो त्यांपैकी एकाविरुद्ध तक्रार करायला धजावत नाही, हे वास्तव कायद्याने बदललेले नाही. खरा उपाय कामाच्या अटींत आहे: फीचा काही भाग आगाऊ घेणे, उरलेली रक्कम कामाच्या टप्प्यांशी जोडणे, लेखी पर्चेस ऑर्डर हातात आल्याशिवाय पहिली व्हिजिट न करणे. वीस वर्षे पगार घेतलेल्या मराठी मध्यमवर्गीय माणसाला पैसे मागताना संकोच वाटतो, आणि या संकोचापोटी जेवढे पैसे बुडतात तेवढे अपुऱ्या ज्ञानापोटी बुडत नसावेत.

कराच्या बाबतीत मात्र पारडे सल्लागाराच्या बाजूने झुकते, आणि तेही नीट सांगितले पाहिजे. आयकर कायद्यात २०१६ च्या वित्त कायद्याने अनुमानित उत्पन्नाची एक तरतूद आणली, जी जुन्या कायद्यातील ४४एडीए या कलमाच्या नावाने ओळखली जाते. तिच्यानुसार अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, वास्तुरचना, कायदा, वैद्यक, लेखाकर्म अशा ठरावीक व्यवसायांतील व्यक्तीने एकूण प्राप्तीच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, तर तिला खर्चाच्या तपशीलवार वह्या ठेवाव्या लागत नाहीत. ही सवलत ५० लाखांपर्यंतच्या प्राप्तीला आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंतच्या प्राप्तीला लागू होते, शिवाय आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. वरच्या उदाहरणातील २४ लाखांच्या प्राप्तीवर १२ लाख उत्पन्न दाखवल्यास आणि अन्य उत्पन्न नसल्यास २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्यावर आयकर उरत नाही, तर पगारदाराला त्याच प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि उरलेल्या पगारावर कर द्यावा लागतो. मनुष्यबळ किंवा विक्रीविषयक सल्ला या यादीत नावाने येत नाही, म्हणून त्या क्षेत्रातील व्यक्तीने ही सवलत गृहीत न धरता आधी लेखापालाचे मत घ्यावे. महाराष्ट्रात व्यवसाय कराची स्वतंत्र नोंदणीही लागते आणि त्यापोटी वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. ती रक्कम लहान आहे, पण नोंदणी विसरल्यास दंड व व्याज मागे लागते.

या सर्व आकड्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, ज्याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात मिळत नाही: लोक माणसाला विचारतात की त्याच्या खुर्चीला? मोठ्या कंपनीच्या खरेदी किंवा गुणवत्ता विभागातील अधिकाऱ्याला पुरवठादार मान देतात, त्याचे मत शब्दशः मानतात, दिवाळीला आवर्जून भेटायला येतात, आणि त्या अधिकाऱ्याला वाटू लागते की हे सर्वजण उद्या आपले गिऱ्हाईक होतील. त्या मानातला बराचसा भाग माल मंजूर किंवा नामंजूर करण्याच्या अधिकाराला असतो, आणि अधिकार संपल्यानंतर सहा महिन्यांत तेच फोन उचलले जाईनासे होतात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०८ मध्ये, पन्नाशीच्या आत, मुदतीपूर्वीच ती नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि निजाम सरकारने पूरनियंत्रणाच्या सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. त्या वेळी ते कोणत्याही खात्याच्या खुर्चीत नव्हते. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसवलेली पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारी दारे आणि पाटबंधाऱ्यांची कामे त्यांच्या नावावर होती, आणि बोलावणे त्या कामांना आले. एवढ्या थोर माणसाशी कोणी आपली तुलना करावी असे नाही, पण कसोटी तीच आहे: कंपनीचे नाव ओळखपत्रावरून पुसल्यावर माणसाच्या नावावर कोणते काम उरते?

अनेकांना आपल्याच कंपनीकडून 'सल्लागार म्हणून राहा' असा प्रस्ताव येतो, आणि तो स्वातंत्र्याचा सुरक्षित मार्ग वाटतो. कायद्याच्या भाषेत नोकरीचा करार आणि सेवा पुरवण्याचा करार हे दोन भिन्न प्रकार आहेत, आणि काम कसे, कधी व कोणाच्या देखरेखीखाली करायचे याचे नियंत्रण कोणाकडे आहे, ही त्यांतला फरक ओळखण्याची एक प्रमुख खूण मानली जाते. रोज ठरल्या वेळी हजर राहायचे, रजेसाठी परवानगी मागायची, दुसरे गिऱ्हाईक घ्यायचे नाही आणि महिन्याला ठरीव रिटेनर, म्हणजे सेवा राखून ठेवण्याची रक्कम, घ्यायची, अशी रचना असेल तर ती भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि विमा काढून घेतलेली नोकरीच असते. आठवड्यातून दोन दिवसांचा रिटेनर आणि उरलेल्या दिवसांवर स्वतःचा पूर्ण हक्क, अशा अटींवर जुन्या मालकाचे काम घेणे मात्र पहिल्या वर्षात फार उपयोगी पडते.

नियुक्तिपत्रातील अटींची भीतीही अनेकांना वाटते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो, आणि म्हणून नोकरी संपल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नये ही अट सामान्यतः टिकत नाही. परंतु मालकाची रेखाचित्रे, दरपत्रके, ग्राहकांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन टिकते, आणि नोकरीत असताना परवानगीवाचून बाहेरचे काम घेणे हे बडतर्फीचे कारण होऊ शकते. पेन ड्राइव्हमध्ये जुन्या कंपनीच्या फायली भरून बाहेर पडणारा सल्लागार कायद्याने तर सापडतोच, शिवाय आज दुसऱ्याच्या फायली आणणारा उद्या आपल्या फायली नेईल, हे नव्या गिऱ्हाइकालाही कळत असते.

घराच्या बाजूने पाहता गृहकर्ज हा सर्वांत कठीण भाग ठरतो, कारण बँका पगारदाराला काही महिन्यांच्या पगारपत्रकांवर कर्ज देतात आणि स्वतंत्र व्यावसायिकाकडे साधारणतः दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. त्यामुळे घर घ्यायचे असेल तर ते आधी घ्यावे असा सल्ला सर्रास दिला जातो, पण मोठा हप्ता डोक्यावर घेऊन उत्पन्न अनिश्चित करणे हे धोक्याचे आहे; कर्ज फिटत आलेले असणे किंवा जोडीदाराच्या पगारात हप्ता भागणे, यांपैकी एक तरी असावे. जोडीदाराशी या विषयावर आकड्यांसकट बोलणे टाळले जाते, तेही चूक आहे, कारण धोका दोघांचा असतो आणि पहिल्या वर्षी घरखर्चाचा भार पगार असलेल्या व्यक्तीवर सरळ जाऊन पडतो.

ज्या वाचकाच्या मनात हा निर्णय घोळत असेल, त्याने राजीनाम्याआधी एक गोष्ट करावी. मालकाची परवानगी घेऊन, किंवा ती मिळत नसल्यास नोटीस पीरियडनंतरची तारीख घालून, पूर्वी आपल्या अधिकाराखाली कधीच नव्हता अशा दोन कारखानदारांना आपल्या नावाच्या साध्या कागदावर पूर्ण दराचे कोटेशन पाठवावे, त्यात कोणते नुकसान किती व्हिजिटमध्ये थांबवणार ते लिहावे आणि आगाऊ रकमेची अट घालावी. दोघांपैकी एकाकडून लेखी ऑर्डर आली, बँकेत वर्षभराचा घरखर्च बाजूला काढलेला असला आणि कुटुंबाची आरोग्य पॉलिसी स्वतःच्या नावावर चालू असली, तर राजीनामा द्यावा. दोघांनीही दर अर्ध्यावर आणायला सांगितले, तर नोकरीत राहून तेच कौशल्य आणखी दोन वर्षे धारदार करावे आणि मग पुन्हा कोटेशन पाठवावे.